नाव शेवटी वाचा, आधी अंग बघा: मुठीत मावणारे जुने कॅमेरे ओळखण्याचा धडा

आपल्या चॅनलवर ‘माल ओळखा’ मालिकेत छोट्या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ टाकला, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच मागणी केली: “ताई, मुद्दे लिहून द्या, व्हिडिओ थांबवून थांबवून टिपणं काढायला होत नाही.” म्हणून हा लेखी धडा. वही-पेन घ्या, आणि घरात भिंग असेल तर तेही जवळ ठेवा.

आजचा माल आहे जपानमध्ये बनलेले, मुठीत मावणारे जुने फिल्म कॅमेरे. रुंदी साधारण पाच सेंटीमीटर, म्हणजे काडेपेटीएवढीच. आपल्याकडे जुन्या वस्तू विकणारे सरसकट सगळ्यांना ‘स्पाय कॅमेरा’ म्हणतात आणि त्याच नावाखाली भाव सांगतात. गुप्तहेराचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ती नवलाईची वस्तू होती, खेळण्याच्या आणि भेटवस्तूच्या दुकानात विकली जाणारी.

ज्यांचा जुन्या मालाशी काही संबंध नाही, त्यांनी पण हा धडा वाचा. कारण यातला मूळ नियम मोबाइल कव्हर, स्टीलचे डबे, चार्जर, खेळणी, सगळीकडे लागू पडतो. माझं स्वतःचं गिफ्ट आर्टिकलचं दुकान आहे. एकाच साच्यातून निघालेली वस्तू तीन वेगवेगळ्या नावांनी तीन ठोक व्यापारी माझ्याकडे घेऊन येतात, हे मी दर सीझनला बघते. तुम्हीही बघत असाल. फक्त त्याकडे अभ्यास म्हणून बघितलं नसेल.

हे कॅमेरे आले कुठून?

१९३७ च्या सुमारास जपानमध्ये मिसुझु शोकाई या व्यापारी कंपनीने ‘मिजेट’ नावाचा एक चिमुकला कॅमेरा बाजारात आणला. त्याची फिल्म १७.५ मिलिमीटर रुंदीची. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो ३५ मिलिमीटरच्या बरोबर निम्मा आहे. फिल्मला मागून कागदाचं अस्तर, त्या कागदावर फोटोचे आकडे छापलेले. एका रोलमध्ये १० फोटो, प्रत्येक १४ बाय १४ मिलिमीटरचा. नेहमीच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याचा फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा असतो. गुणाकार करून बघा: इकडे १९६ चौरस मिलिमीटर, तिकडे ८६४. म्हणजे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

मिजेटच्या पाठोपाठ ‘मायक्रो’ आला. त्याची लेन्स बरी होती, शटरला एकापेक्षा जास्त वेग होते. मग महायुद्ध आलं.

खरा पूर आला तो युद्धानंतर. जपान हरला होता, देश अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांच्या ताब्यात होता, आणि परकीय चलनाची सगळ्यात जास्त गरज होती. १९४९ मध्ये एका डॉलरला ३६० येन असा दर ठरवण्यात आला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. निर्यातीसाठी स्वस्त, हलकी, थोडक्या धातूत होणारी आणि पोस्टाने सहज जाणारी वस्तू म्हणून हे छोटे कॅमेरे चांगलेच जमले. तोगोदो कंपनीचा ‘हिट’ त्यात इतका गाजला की पुढे संग्राहकांनी त्या धाटणीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना ‘हिट टाइप’ म्हणायला सुरुवात केली. आपण कोणत्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच.

हिट टाइपची रचना अगदी साधी. पातळ पत्रा दाबून केलेलं अंग, समोर एक साधी लेन्स, फोकस कायमचा पक्का केलेला. शटरला दोनच जागा: ‘आय’ म्हणजे झटक्यात उघडझाप, आणि ‘बी’ म्हणजे दाबून धरलंय तोवर उघडं. वर एक चौकोनी भोक, त्यातून बघायचं. मागे लाल काचेची खिडकी, त्यातून कागदावरचा आकडा वाचत फिल्म पुढे सरकवायची. झाला कॅमेरा.

एक अंग, अनेक नावं

हिट, क्रिस्टार, कॉली, अ‍ॅरो, होमर, मिनेटा... नावांची यादी संपत नाही. नवीन संग्राहक ही यादी बघून खूश होतो. त्याला वाटतं, तीस नावं म्हणजे तीस कॅमेरे. आणि इथेच पैसे जातात.

जरा कारखानदाराच्या खुर्चीत बसून विचार करा. कॅमेऱ्यात सगळ्यात महाग काय? पत्रा दाबायची डाय. अंगाचा आकार, वरच्या पट्टीची वळणं, मागच्या दाराची बिजागरी, हे सगळं डायवर ठरतं. एकदा डाय केली की तिचा खर्च वसूल होईपर्यंत त्यावर माल काढत राहावाच लागतो. आणि सगळ्यात स्वस्त काय? लेन्सभोवतीची नावाची चकती. निर्यातदार म्हणाला, “आमच्या नावाने पाठवा,” की चकती बदलली. खोक्यावरची छपाई बदलली. झाला ‘नवा’ कॅमेरा.

आता उलटंही होतं. एखादं नाव चांगलं विकलं जातंय म्हटल्यावर ते नाव वर्षानुवर्षं चालतं, पण आतली डाय झिजते, नवी येते, शटरचा भाग बदलतो, दाराची कडी बदलते. म्हणजे नाव एकच, आणि आतला माल वेगळा.

यावरून आपला नियम निघतो. वहीत चौकट करून लिहा:

*जे बदलायला महाग, ते आधी बघा. जे बदलायला स्वस्त, ते शेवटी वाचा.*

आपण नेमकं उलटं करतो. वस्तू हातात घेतली की पहिली नजर नावावर जाते. ती सवय मोडायची आहे.

तपासणीच्या सहा पायऱ्या

हा क्रम महागाकडून स्वस्ताकडे जातो. क्रम मोडू नका.

पायरी १: वरची पट्टी आणि अंगाचा आकार. कॅमेरा सपाट टेबलावर ठेवा आणि बरोबर वरून बघा. कोपरे गोल आहेत की कापलेले? बघायचं भोक मधोमध आहे की बाजूला? त्याच्या दोन्ही बाजूंचा उंचवटा सारखा आहे का? फिल्म फिरवायची चावी केवढी, तिच्या कडेला किती बारीक खाचा? दोन कॅमेऱ्यांचे वरून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले की जो फरक हातात घेऊन दिसत नव्हता तो लगेच दिसतो. फोटो एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.

पायरी २: मागचं दार. बिजागरी कोणत्या बाजूला आहे? कडी सरकवायची आहे की उचलायची? लाल खिडकी गोल आहे की वेगळ्या आकाराची, मधोमध आहे की एका कडेला? दार हा भाग विकणारे सहसा दाखवत नाहीत, ऑनलाइन फोटोतही तो नसतो. मागून घ्या. देत नसतील तर तो माल सोडा. आणि हो, दार उघडण्याआधी पुढचा ‘फिल्म’वाला भाग वाचा.

पायरी ३: लेन्स आणि शटर. हिट टाइपला आय आणि बी एवढंच असतं. समोर आकडे दिसले, वेगवेगळे वेग दिसले, लेन्सवर एफ ४.५ असं काही कोरलेलं दिसलं, तर थांबा. ही वेगळ्या दर्जाची वस्तू असू शकते. मायक्रो याच गटातला. कोनिशिरोकू कंपनीचा १९४९ चा ‘स्नॅपी’ तर त्याहून पुढचा: फिल्म तीच १७.५ मिलिमीटरची, पण त्याची लेन्स काढून दुसरी लावता येत असे. त्याच वर्षाच्या सुमारास ‘जेमफ्लेक्स’ आला, दोन लेन्स एकावर एक असलेला, मोठ्या ट्विन लेन्स कॅमेऱ्याची हुबेहूब लहान आवृत्ती. हे तिन्ही डब्यात हिटच्या शेजारी पडले असतील तर नवख्याला सगळे सारखेच ‘बारके कॅमेरे’ वाटतात.

पायरी ४: वजन. सोनाराच्या काट्यावर किंवा किचनमधल्या डिजिटल काट्यावर तोला. दोन कॅमेरे दिसायला सारखे आणि वजनात स्पष्ट फरक, तर आत काहीतरी वेगळं आहे: पत्र्याची जाडी, एखादा भाग गायब, किंवा आत अडकलेली फिल्म. आणि फारच हलका, सगळा प्लास्टिकचा, दार उघडत नाही असा असेल, तर ती बहुधा अलीकडची किचेन.

पायरी ५: देशाचा छाप. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेलं असेल तर तारीख ठरवायला मोठी मदत होते. १९४७ पासून निर्यातीच्या मालावर हा छाप येऊ लागला आणि २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार अमलात येऊन ताबा संपला. म्हणजे वस्तू साधारण या पाच वर्षांतली. पण उलटा निष्कर्ष काढू नका. त्याच काळात नुसतं ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ लिहिलेला मालही बाहेर गेला आहे. छाप आहे, तर काळ कळतो. छाप नाही, तर काहीच कळत नाही. आणि छाप नेमका कशावर आहे ते पण बघा. अंगावर दाबलेला छाप आणि चामड्याच्या केसवरचा छाप यांचं वजन सारखं नाही, कारण केस एका कॅमेऱ्याची काढून दुसऱ्याला घालता येते.

पायरी ६: नाव, खोकं, केस, माहितीपत्रक. हे शेवटी. खोकं आणि केस जुळत असतील तर किंमत वाढते, यात शंका नाही. फक्त त्यावरून कॅमेरा कोणता ते ठरवू नका. खोक्यावर एक नाव आणि कॅमेऱ्यावर दुसरं, असा माल पुष्कळ फिरतो. विकणाऱ्याची नेहमीच लबाडी असते असं नाही, पन्नास-साठ वर्षांत घरातल्या घरात अदलाबदल होतेच.

या सहा ओळींचा तक्ता करा. प्रत्येक नगाला एक पान. नाव हा रकाना सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे हातालाही सवय लागेल.

हाच नियम जपानबाहेर

नियम एकाच मालावर चालत असेल तर तो नियम नव्हे, योगायोग. म्हणून तीन बाहेरची उदाहरणं.

पहिलं, घड्याळाच्या आकाराचा कॅमेरा. मॅग्नस नील या मूळच्या स्वीडिश संशोधकाने खिशातल्या घड्याळासारखा कॅमेरा तयार केला. १९०५ मध्ये अमेरिकेत तो ‘एक्स्पो’ नावाने आला आणि लंडनच्या हॉटन्स कंपनीने ‘टिका’ नावाने काढला. घड्याळाला चावी द्यायची जी वरची दांडी असते, तिच्यात लेन्स, आणि चावीची टोपी म्हणजे लेन्सचं झाकण. नावं दोन, देश दोन, पण मूळ कल्पना आणि अंग एकाच घरातलं. पुढे टिकाचा एक प्रकार आला ज्यावर खोटी घड्याळाची तबकडी होती. काटे चालत नसत, ते साधारण दहा वाजून सात मिनिटांवर पक्के होते, आणि दोन काट्यांमधला कोन म्हणजे फोटोत किती भाग येणार त्याची खूण. हा प्रकार साध्या टिकापेक्षा कितीतरी दुर्मीळ. आता आपला नियम लावा: तबकडी बसवणं स्वस्त की महाग? जुन्या घड्याळांची तबकडी आणि काटे कुठेही मिळतात. म्हणजे अशा तबकडीवर भरवसा ठेवून मोठी रक्कम देण्याआधी दहा वेळा तपासायला हवं.

दुसरं, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कॉरोनेट कंपनीचा १९३५ चा ‘मिजेट’. नाव जपानी मिजेटचंच, पण दोघांचा काही संबंध नाही. हा बेकलाइटचा, उभा, बोटाएवढा, फिल्म १६ मिलिमीटर रुंदीची आणि फोटो सहा. इथे साचा एकच आणि फरक रंगाचा. काळा, तपकिरी, लाल, हिरवा मिळतो. निळा फार कमी. मग रंग हा ‘बदलायला स्वस्त’ भाग झाला का? बेकलाइटमध्ये रंग मालातच मिसळलेला असतो, वरून फासलेला नसतो. म्हणून कुठे टवका उडाला असेल, स्क्रूच्या भोकात, दाराच्या आतल्या कडेला बघा. आत वेगळा रंग दिसला तर निळेपण वरचं आहे.

तिसरं, मिनॉक्स. हा नवलाईच्या वस्तूंत मोडत नाही, तो खराखुरा काटेकोर कॅमेरा, आणि ‘स्पाय कॅमेरा’ हे नाव कोणाला शोभत असेल तर यालाच. वॉल्टर झॅप यांनी तो घडवला आणि १९३८ पासून लाटव्हियातल्या रिगा शहरात व्हीईएफच्या कारखान्यात तो बनू लागला. फोटो फक्त ८ बाय ११ मिलिमीटरचा. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, आणि त्याच कॅमेऱ्यावर ‘मेड इन लाटव्हिया’च्या जागी ‘मेड इन यूएसएसआर’ आलं. देशाचा छाप इतिहास कसा सांगतो, याचं हे दुसरं उदाहरण. युद्धानंतर मिनॉक्स जर्मनीत बनू लागला तेव्हा अंग स्टेनलेस स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं झालं. दिसायला भाऊ भाऊ, पण हातात घेतल्याबरोबर वजनाचा फरक कळतो. म्हणून चौथी पायरी काट्याची.

रत्नागिरीचा डबा

आता प्रत्यक्ष व्यवहार. आपल्या बॅचमधला एक जण रत्नागिरी जिल्ह्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतो, जोडीला जुन्या घड्याळांची खरेदी-विक्री. त्याच्याकडे एका काकूंनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यांचे सासरे बोटीवर नोकरीला होते, ठिकठिकाणच्या बंदरांतून काही ना काही आणायचे. डब्यात सहा छोटे कॅमेरे. काकूंनी भाव सांगितला, सगळ्याचे मिळून १८ हजार. कुणीतरी त्यांना ‘स्पाय कॅमेरे आहेत, स्वस्तात देऊ नका’ असं सांगून ठेवलं होतं.

त्याने मला व्हिडिओ कॉल केला. “ताई, नगाला तीन हजार पडतात. घेऊन टाकू का?”

मी म्हटलं, “दार उघडलंस का एखाद्याचं?”

“नाही अजून.”

“उघडू नकोस. आधी लाल खिडक्या बघ, सहाही.”

पाच खिडक्यांत काहीच नव्हतं. सहाव्यात कागद दिसत होता, आणि त्यावर ७ हा आकडा.

मग आम्ही पायऱ्यांनी गेलो. पहिल्या तीन कॅमेऱ्यांवर तीन वेगवेगळी नावं, पण वरची पट्टी, दार, कडी, खिडकी, वजन, सगळं एकसारखं. म्हणजे तीन नावांचा एकच माल. पुढच्या दोघांवर नाव एकच, हिट. पण एकाची कडी वेगळी, वरच्या पट्टीचे कोपरे वेगळे, आणि त्याच्या अंगावर ऑक्युपाइड जपानचा छाप. म्हणजे एका नावाचे दोन माल. आणि सहावा, जो सगळ्यात मळका, ज्याची काळी कातडी सुटत आलेली, तो मायक्रो. लेन्सवर एफ ४.५ आणि शटरवर आकडे. फिल्म त्याच्याच आत.

आता खरा प्रश्न. सहाचा एकच भाव काकूंनी लावलाय. मळका दिसतो म्हणून तो सहावा त्या वेगळा काढून वरून फुकटसुद्धा देतील. त्याने विचारलं, “ताई, मी गप्प बसू की सांगू?”

धंद्यात माहितीचेच पैसे मिळतात, यात लाज वाटायचं कारण नाही. भिंग त्याने विकत घेतलं, अभ्यास त्याने केला, दुकानाचं भाडं तो भरतो. म्हणून प्रत्येक वस्तूचा पुढचा विक्रीभाव समोरच्याला सांगत बसायचं बंधन मी कुणावर घालत नाही. पण दोन गोष्टी मी माझ्या बॅचला ठाम सांगते. एक, समोरच्याने थेट विचारलं की “यात चांगला कुठला?” तर खोटं बोलायचं नाही. दोन, वस्तूच्या आत घरातलं काही राहिलं असेल, पत्र, दागिना, फोटो, फिल्म, तर ते न विचारताही सांगायचं. त्यांनी कॅमेरा विकायला आणला होता. आतले सात फोटो विकायला आणले नव्हते, कारण ते आहेत हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्याने सांगितलं. काकू थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “यांच्या लहानपणीचे असतील. मामंजींचा फोटोच नाही हो घरात, तेच सगळ्यांचे काढायचे.” आणि लगेच पुढे विचारलं, “यातला चांगला कुठला रे?” तोही त्याने खरा सांगितला: तोच.

मायक्रो त्यांनी ठेवून घेतला. उरलेल्या पाचांचा हिशोब त्याने कागदावर मांडून दाखवला. एकाच अंगाचे तीन, प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५००. दोन हिट, प्रत्येकी २,५०० प्रमाणे ५,०००. एकूण ९,५००. काकूंनी घासाघीस करून १० हजारांवर सौदा केला. हे आकडे बाजारभाव म्हणून पाठ करू नका. ते त्या दिवसाचे, त्या दोघांमधले आहेत. शिकायचं ते हे की तक्ता समोर असल्यामुळे भाव का कमी सांगतोय ते त्याला दाखवता आलं, आणि काकूंना ते पटलं.

सगळ्यात चांगला नग त्याच्या हातून गेला, हेही खरं. तोटा आहेच तो. पण लहान गावात दुकान चालवायचं असेल तर असा तोटा कधी घ्यायचा हे ठरवून ठेवावं लागतं, कारण ज्या घरात एक डबा निघतो त्याच आळीत आणखी चार माळे न उघडलेले असतात.

फिल्म आत असेल तर

हा भाग कापून भिंतीवर लावा.

लाल खिडकीत कागद किंवा आकडा दिसला तर दार उघडू नका. उजेड लागला की उरलंसुरलं चित्र गेलं. चावी पण जोरात फिरवू नका, जुना कागद ठिसूळ होतो आणि आत फाटतो. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळा, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्म हाताने धुणाऱ्या लॅबशी आधी बोला. त्यांना फिल्म १७.५ मिलिमीटरची आहे आणि मागे कागद आहे हे सांगा, नाहीतर ती नेहमीच्या रिळावर बसणार नाही. चित्र येईलच अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. काकूंच्या मुलाने पुण्यात अशा लॅबकडे चौकशी केली आहे, कॅमेरा अजून काळ्या कापडातच आहे.

सांभाळायचं कसं

कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवून देऊ नका. केस कितीही सुंदर असली तरी ओल धरते, आणि पितळी भागांवर हिरवट थर चढतो. केस वेगळी, कॅमेरा वेगळा, दोन्हींवर एकच नंबर.

पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून बदला. कोकणात आणि मुंबईत हे टाळून चालणारच नाही, लेन्सवर बुरशी बसते.

पितळ उजळायची पॉलिश लावून घासू नका. अक्षरातला रंग आणि पातळ मुलामा आधी जातो, आणि ओळखायच्या बारीक खुणाही त्याच्याबरोबर जातात. मऊ ब्रश आणि कोरडं कापड पुरे.

शटर अडकलं असेल तर तेल सोडू नका. घड्याळवाल्या मंडळींनो, हे खास तुम्हाला. तेल पात्यांवर पसरलं की ती एकमेकांना चिकटतात.

या आठवड्याचा अभ्यास

कॅमेरे हाताशी नसतील तरी अभ्यास अडत नाही. आपल्या दुकानातली किंवा घरातली एक वस्तू घ्या जी दोन वेगवेगळ्या नावांनी मिळते. पाण्याची बाटली चालेल, टॉर्च चालेल, चार्जर चालेल. नावावर चिकटपट्टी लावा. मग साचा, जोड, स्क्रू, वजन, मागचा छाप, या क्रमाने तक्ता भरा. दोन्ही एकाच साच्यातल्या निघाल्या का? निघाल्या असतील तर खरेदीच्या दरात किती फरक आहे तो लिहा, आणि तो फरक तुम्ही नेमका कशासाठी देताय ते पण लिहा. कधी कधी उत्तर ‘वॉरंटीसाठी’ असेल, आणि ते योग्यच आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजारात जाणाऱ्यांनी या वेळी एक नियम पाळा: पहिल्या फेरीत काही विकत घ्यायचं नाही. फक्त परवानगी घेऊन वरून आणि मागून फोटो काढायचे, घरी येऊन शेजारी शेजारी ठेवायचे. खरेदी पुढच्या फेरीत.

तक्त्याचे फोटो कमेंटमध्ये टाका. चांगल्या पाच तक्त्यांवर पुढच्या व्हिडिओत बोलू. पुढचा धडा अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेच्या जुन्या कुलपांवर आहे, तेव्हा घरात किल्ली हरवलेलं एखादं कुलूप पडलं असेल तर फेकू नका, काढून ठेवा.

भेटूच. धंदा सांभाळा, वही भरा.